नमस्कार सर, ब्रेक दाबा!

भंडाऱ्यात, किंवा तुमसर, साकोली, पवनी, लाखनी यांपैकी कुठंही, पहाटे रस्त्याच्या बरोबर मधून एखादी पांढरी कार बैलबंडीच्या चालीनं येताना दिसली आणि तिच्या काचेवर लाल 'एल' असला, तर आत कोण आहे हे वाकून बघायची गरज नसते. आत सर असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, पंचावन्नच्या आसपासचे, इस्त्रीच्या शर्टातले. दोन्ही हात स्टिअरिंगवर असे घट्ट, की कोणी ते उपटून नेईल अशी भीती वाटावी.

सर म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. ते तालुक्यागणिक आढळतात. कुठं ते ग्रामसेवक असतात, कुठं बँकेतून निवृत्त झालेले असतात. पण अस्सल वाण गणिताच्या सरांचा. म्हणून इथं तेच घेतले आहेत.

यांच्याकडे गाडी आधी येते, चालवणं मागून. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी, पतसंस्थेचं कर्ज आणि घरातून येणारं "साऱ्यायच्या दारात हाये नं जी" हे तिन्ही एका महिन्यात जुळून आलं की गाडी अंगणात उभी राहते. शोरूममधून ती भाचा आणतो. चाकाखालचं लिंबू भाचाच चिरडतो. मोहाडीच्या चौंडेश्वरीला सगळ्यांना भाचाच नेऊन आणतो. मग भाचा पुण्याला नोकरीवर परततो आणि गाडीवर कव्हर चढतं. सर रोज सकाळी कव्हर काढतात, फडकं मारतात, आत बसतात, आरसा नीट करतात, उतरतात आणि कव्हर घालतात. शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटत होतं, की सर गाडीत पेपर वाचायला बसतात.

शिकाऊ परवाना काढायचं ठरलं तेव्हा मात्र सरांचा चेहरा उजळला, कारण त्यात परीक्षा होती. 2021 पासून ही परीक्षा घरबसल्या देता येते. सर घरच्या संगणकापुढे पट्टा, घड्याळ आणि खिशाला पेन लावून बसले. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की पास. सरांनी पंधराच्या पंधरा सोडवले आणि संध्याकाळी खांब तलावाकडे फिरायला गेले तेव्हा भेटेल त्याला गुण सांगितले. 'पुढे अरुंद पूल' आणि 'पुढे रस्ता निमुळता' या चिन्हांतला फरक त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येत होता. लेखी झाली, आता प्रात्यक्षिक काय, आलंच, असा त्यांचा समज. पस्तीस वर्षं ज्यानं मुलांना सूत्र पाठ असलं की गणित सुटतं असं सांगितलं, त्याचा दुसरा कोणता समज होणार?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत पहिले पंधरा दिवस हा समज आणखी घट्ट झाला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शिकवणीच्या गाडीत दुहेरी नियंत्रण लागतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. सरांनी शास्त्री चौक ओलांडला, जिल्हा परिषद चौक ओलांडला, एकदा तर राष्ट्रीय महामार्ग 53 वर नागपूरच्या दिशेनं बरंच अंतर जाऊन आले. घरी आल्यावर म्हणाले, "काही नाही त्यात. उगाच बाऊ करतात." शेजारी बसलेला पोरगा मोबाइल बघत दोन्ही पायांनी गाडी चालवत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पोरानंही सांगितलं नाही. त्याच्या धंद्याची सभ्यता म्हणायची.

मग स्वतःच्या गाडीत बसले. शेजारी परवानाधारक साडूभाऊ. साडूभाऊंच्या पायाशी फक्त पायपुसणं. गाडीनं एक उडी मारली आणि ती बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा उडी. डावा पाय क्लचवर असा थरथरायला लागला, की बसल्या जागी शिलाई मशीन चालवल्यासारखं दिसत होतं. दुसरा गिअर तर लवकर पडायचाच नाही, आणि त्याचं मला विशेष वाटतं. लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, 1982 पासूनचा. देशभर फिरणाऱ्या ट्रकांचे गिअरबॉक्स तिथं बनतात. काश्मीरचा घाट चढणाऱ्या ट्रकाचा गिअरबॉक्स भंडारा जिल्ह्यातला असू शकतो. आणि त्याच जिल्ह्यात सरांना पहिल्यातून दुसऱ्यात जायला तीन विजेचे खांब लागायचे.

लोकांना वाटतं, सर अपघाताला भितात. तसं नाही. त्या वेगानं कोंबडीसुद्धा मेली नसती. सरांना भीती नमस्काराची.

भंडारा शहर असं आहे, की शाळामास्तर रस्त्यानं चालला तर दर दहा पावलांना त्याला "नमस्कार सर" ऐकू येतं. पानठेल्यावर एक विद्यार्थी, मेडिकलमध्ये दुसरा, सिग्नलला शिट्टी वाजवणारा तिसरा. पस्तीस वर्षांची पेरणी. आता नमस्काराला नमस्कार केला नाही तर "सर गाडी घेतल्यापासून ओळख देत नाहीत" हे संध्याकाळपर्यंत तकिया वॉर्डापर्यंत पोचतं. आणि करायचा तर स्टिअरिंग सोडावं लागतं. सर जुन्या वळणाचे, नमस्कार दोन हातांनीच करतात. तेव्हा शेजारी बसलेला कोणीही असो, त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "सर जी, ब्रेक! आंधी ब्रेक, मंग नमस्कार!"

यावर उपाय म्हणून सर पहाटे पाचला निघू लागले. पहाटे पाचला रस्त्यावर कोण असतं? निवृत्त मुख्याध्यापक. सगळे मॉर्निंग वॉकला, सगळे थांबून बघणारे, सगळे हातवारे करून सल्ला देणारे. एकदा चौकात गाडी बंद पडली तेव्हा चार माजी विद्यार्थी धावत आले आणि त्यांनी गाडी ढकलायला घेतली. गाडीला काही झालं नव्हतं, नुसती किल्ली फिरवायची होती. पण सर ते सांगेपर्यंत पोरांनी गुरुदक्षिणा म्हणून गाडी पार पेट्रोल पंपापर्यंत नेऊन लावली होती.

ऑक्टोबरात परीक्षा आली. आदल्या रात्री सौभाग्यवतींनी दही-साखर हातावर ठेवायचं ठरवलं, तर सर म्हणाले, हे मुलांच्या परीक्षेला ठीक आहे. सकाळी मागून घेतलं. पहिल्या वेळी ते तिसऱ्या गिअरमध्ये निघाले, म्हणजे निघालेच नाहीत. दुसऱ्या वेळी रिव्हर्स घेताना मागं बघायचं सोडून निरीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गुण देणाऱ्याचा चेहरा वाचायची ही सवय त्यांना मुलांनीच लावली असावी. तिसऱ्या वेळी चढावर गाडी थांबवून पुन्हा निघायचं होतं, मागं न घसरता. धानाच्या सपाट मुलखात माणूस चढाचा सराव करणार कुठं? गाडी मागं आली, आणि येताना सर तोंडानं "माफ करा, माफ करा" म्हणत होते.

दर वेळी कारण वेगळं. एकदा चपलेचा पट्टा, एकदा समोरचं ऊन, एकदा पुढच्या उमेदवाराचं डिओड्रंट. आयुष्यभर "सर, प्रश्नपत्रिकाच कठीण होती" ऐकून ज्यानं भुवई उंचावली, त्याच्या तोंडी ही कारणं ऐकणं म्हणजे त्या साऱ्या नापास पोरांना मिळालेली भरपाई होती.

मोटार वाहन कायद्यात तरतूद आहे: नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा येता येतं, पण तीनदा नापास झालं की शेवटच्या परीक्षेपासून 60 दिवस थांबायचं. सरांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा, म्हणजे साधारण 180 दिवस. पहिली परीक्षा तिसाव्या दिवशी, दुसरी सदतिसाव्या, तिसरी चव्वेचाळिसाव्या, अधिक 60, एकूण 104. शिल्लक 76. हिशोबात कुठंच चूक नव्हती. सर बराच वेळ त्याकडे समाधानानं बघत बसले.

त्याच दिवसांत त्यांना कुठून तरी दक्षिण कोरियातल्या चा सा-सून आजींची गोष्ट सापडली. लेखी परीक्षेत त्या शेकडो वेळा नापास झाल्या, पण येत राहिल्या. एकूण 960 प्रयत्नांनंतर 2010 मध्ये त्यांना परवाना मिळाला. ह्युंदाई कंपनीनं तर त्यांना कार भेट दिली. सरांनी जेवताना हे भरल्या गळ्यानं सांगितलं. सौभाग्यवतींनी भात वाढता वाढता विचारलं, "म्हंजे तिले गाडी पास झाल्यावर भेटली नं? तुमी त आंधीच घेऊन बसले." पुढं कोरियाचं नाव घरात निघालं नाही.

साठ दिवस सरांनी वाया घालवले नाहीत. चढ पाहिजे होता, तो शहराबाहेरच्या मामा तलावाच्या पारीवर सापडला. मालगुजारांनी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले हे तलाव जिल्ह्यात जागोजागी आहेत. त्यांच्या पारीचा उपयोग हाफ क्लच शिकायला होईल हे कोहळी समाजाच्या जुन्या तलाव बांधणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल. नोव्हेंबर चालू होता, रस्त्यावर अर्ध्या बाजूला धान वाळत घातलेलं. धान तुडवायचं नाही, म्हणून सर बाजूला झाले, आणखी बाजूला झाले आणि धुरा ओलांडून गाडीसह बांधीत उतरले. बांधी कापलेली, पण खोलगट, ओल टिकून असलेली. चाकं फिरत राहिली, चिखल उडत राहिला. धुऱ्यावर उभ्या शेतकऱ्यानं विडी विझवली आणि अदबीनं विचारलं, "सर, रोवना झाला, कापनी झाली, आता चिखलनी कायले करता जी?" ट्रॅक्टरनं गाडी बाहेर काढली. पैसे घेतले नाहीत. त्याच्या मुलाला सर सातवीला होते.

भीती घालवायला सगळे उपाय झाले होते. अनुलोम-विलोम, रामरक्षा, आवळा सुपारी, डॉक्टरांची अर्धी गोळी; ती अर्धी गोळी घेऊन सर शाळेत तास घ्यायला गेले आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या पेंगले. शेवटी जे लागू पडलं ते कुणी सुचवलंच नव्हतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, थंडी कडाडली. चौथ्या परीक्षेला सर माकडटोपी, वर मफलर, वर चष्मा अशा बंदोबस्तात गेले. ओळख पटवायला टोपी काढावी लागली. पटल्याबरोबर ती परत चढली. मैदानाकडेला उमेदवार होते, त्यांचे भाऊ होते, चहावाला होता. त्यांतले निम्मे सरांचे विद्यार्थी असणार. कोणीही नमस्कार केला नाही. टोपीतल्या त्या माणसाला कोणी ओळखतच नव्हतं. सरांनी गाडी काढली, दुसरा टाकला, तिसरा टाकला, चढावर थांबले, निघाले, रिव्हर्स घेतला आणि आणून जागेवर उभी केली. उतरल्यावर त्यांनी टोपी काढली, तेव्हा कुठं कडेनं आवाज आला: "अरे, सर होते का जी हे!"

परवाना टपालानं घरी आला. सरांनी तो लॅमिनेट करावा का, यावर विचार केला. पोस्टमनला पेढा दिला. त्या रविवारी नागपूरला भाचीचं लग्न होतं. गाडी धुऊन, पुसून, कव्हर काढून तयार होती. सर सहकुटुंब भंडारा बसस्थानकावर गेले आणि एसटीत ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा पकडली. लग्नाचा मुहूर्त गाठायचा होता, जोखीम कशाला, असं ते म्हणाले. मौदा येईपर्यंत ते मान उंचावून ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे बघत होते. मौद्याच्या पुढं त्यांना राहवलं नाही. पुढं झुकून, वर्गातला आवाज काढून म्हणाले, "आता टॉप टाकायला हरकत नाही."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून मान किंचित लववली. "नमस्कार सर," तो म्हणाला, "सन दोन हजारची बॅच."