दक्षिणदिग्विजयाचा वृत्तांत

एडिसन, न्यू जर्सी
चैत्र शुद्ध द्वितीया

तीर्थस्वरूप दादा यांचे सेवेशी,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

‘पोरगा परीक्षेच्या तोंडावर कोठे उलथला होता?’ अशी जी रोखठोक पृच्छा आपण केली, तिचा जबाब टेलिफोनवर देता येण्यासारखा नव्हता. म्हणून हा सविस्तर वृत्तांत रुजू करीत आहे. येथील महाविद्यालयांना मार्चच्या सुमारास आठवडाभराची सुट्टी असते, तिला स्प्रिंग ब्रेक म्हणतात, आणि त्या अवधीत आईबापांच्या दृष्टीआड, एखाद्या समुद्रकिनारी जाऊन, अंगात असेल नसेल तेवढा धुडगूस घालावा, असा या देशीच्या विद्यार्थिवर्गाचा कुळाचारच आहे. त्याचे मूळपीठ फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल. १९३०च्या दशकात तेथे महाविद्यालयीन जलतरणपटू सरावासाठी जाऊ लागले. १९६० साली एका चित्रपटाने त्या गावाची कीर्ती दिगंतात नेली. आणि १९८५ साली सुमारे साडेतीन लाख विद्यार्थी येऊन थडकल्यावर नगरपालिकेने कडक कायदे करून हा उरूस गावाबाहेर घालवला, तो उठून डेटोना बीचला गेला. हा पूर्वेतिहास सौ.ने वाचला मात्र, आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ पडायचे राहिले.

स्वारीत असामी पाच: आमचे चिरंजीव, एक गुजराथी, एक तमिळ, एक कोरियन आणि आयोवाच्या शेतकऱ्याचा एक सहा फुटी मुलगा, ज्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. परंतु दादा, स्वैराचार करणेही या देशात किती दुर्घट आहे, हे पाहून मला त्या पोरांची कीव आली. भाड्याची मोटार घ्यावी, तर पंचविशीच्या आतील चालकाकडून भाडेकंपन्या रोजचा ज्यादा आकार घेतात. सबब आमचीच जुनी मोटार दिमतीस गेली. मद्याचे नाव काढावे, तर वयाची एकवीस वर्षे पुरी झाल्याखेरीज ते विकत मिळत नाही, कारण जे राज्य ही मर्यादा मानणार नाही त्याच्या हमरस्त्यांच्या अनुदानाला कात्री लावू, असा कायदा १९८४ साली करून केंद्र सरकारने झाडून सगळ्या राज्यांना वठणीवर आणले. म्हणजे ज्या रस्त्याने ही मंडळी उधळायला निघाली, तो रस्ताच मुळी त्यांच्या सोवळेपणापायी तारण पडलेला होता.

सुमारे हजार मैलांच्या त्या मजलेत मौज अशी झाली, की घरच्यांच्या जाचातून सुटायला निघालेल्या या पाच जणांनी डेलावेअर ओलांडायच्या आतच आपसांत एक रीतसर एकत्र कुटुंब थाटले. तमिळ मुलगा खजिनदार झाला आणि पेट्रोलपासून च्युइंगगमपर्यंतचा जमाखर्च सेंटासेंटाने मांडू लागला. कोरियन मुलाने आजीचे पद स्वीकारून, पट्टे बांधलेत का, झोप लागत नाही ना, याची तासातासाला चौकशी आरंभली. आणि व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर वेग गेला तर निव्वळ दंडावर न भागता फौजदारी गुन्हा दाखल होतो, हे गुजराथी वकीलसाहेबांनी वाचून दाखवल्यावर आमचे रथी इतक्या सावकाश हाकू लागले, की मालमोटारी त्यांना भोंगे वाजवून पुढे जात. दोन्ही कॅरोलिनांच्या सरहद्दीवर ‘साउथ ऑफ द बॉर्डर’ नावाचे, मेक्सिकन टोपीच्या मनोऱ्याचे एक भडक ठाणे आहे. पलीकडच्या परगण्यात दारूबंदी होती, तिचा लाभ उठवण्यासाठी उघडलेल्या बिअरच्या टपरीतून ते उदयास आले. अशा जाज्वल्य क्षेत्री आमच्या पंचकाने लिंबाचे सरबत प्राशन केले. त्याच रात्री चिरंजीवांचा घाईघाईने टेलिफोन आला; सौ.ने छातीवर हात ठेवून तो उचलला, तो पलीकडून शब्द आले, ‘आई, इथे रस्त्यावर उकडलेल्या शेंगा मिळतात, अगदी आपल्यासारख्या!’

डेटोनाचा किनारा घट्ट वाळूचा, त्यावर मोटार नेता येते. १९३५ साली सर माल्कम कॅम्बेल यांनी तेथेच ताशी २७६ मैलांचा विक्रम केला होता. आज मर्यादा ताशी दहा मैलांची आहे, आणि तेवढ्या वेगातही आमच्या चिरंजीवांनी पाण्याकडची पक्की वाळू सोडून कोरड्या भुसभुशीत वाळूत मोटार घातली, ती आसापर्यंत रुतली. भरती चढू लागली; वकीलसाहेब विम्याची कलमे धुंडाळू लागले, खजिनदार ओढगाडीचा खर्च पाचांत विभागू लागले, आणि समुद्राकडे एकटक पाहत उभा राहिलेला आयोवाचा शेतकरीपुत्र तेवढा भानावर आला. त्याने चाकांतली हवा थोडी उतरवली, हातांनी वाळू उपसली, आणि सौ.ने थंडीसाठी दिलेली सोलापुरी चादर चौपदरी करून चाकापुढे पसरली. चौघांनी रेटा दिला आणि मोटार बाहेर आली. ती चादर हल्ली आमच्या परसात वाळत आहे. मध्यभागीच्या मोरावर टायरची नक्षी इतकी ठसठशीत उमटली आहे, की दोन धुण्यांनीही ती हटली नाही.

मुक्कामाचे म्हणाल, तर एकविशीच्या आतल्यांना खोली देण्यास तेथील विश्रामगृहांनी नकार दिल्यामुळे स्वारी नव्वद मैल माघारी वळून जॅक्सनव्हिलला सौ.च्या मावसबहिणीकडे दाखल झाली, आणि फ्लोरिडातील कुप्रसिद्ध रात्री मंडळींनी वरणभात खाऊन, मेंढीकोट खेळत, साडेदहाच्या आत झोपून काढल्या.

आता मुख्य विनंती. येत्या डिसेंबरात हे पाचही जण गुहागरास येण्याचे म्हणत आहेत. मुंबईकरांच्या मोटारी वाळूत रुतल्या म्हणजे ज्या ट्रॅक्टरने ओढून काढतात, तो आयोवाच्या मुलास प्रत्यक्ष चालवून पाहावयाचा आहे. तेवढी मालकाशी बोलणी करून ठेवावी आणि माजघराशेजारच्या खोलीत पाच अंथरुणांची तजवीज करावी. त्यांना ताब्यात ठेवण्यासाठी कायदेकानूंची आवश्यकता पडणार नाही. वहिनी घरात असल्या म्हणजे पुरे.

कळावे. लोभ असावा, ही विनंती.

आपला धाकटा बंधू