उघडी कोण बसवणार?

"वहिनी, तुमच्या रोह्यात नदीकाठी दिवे लागले म्हणे!"

तात्यांची हाक कुंपणापलीकडून आली, म्हणजे आता अर्धा तास गेला. मी कढीपत्ता तोडायला आले होते. झाड त्यांचं, फांदी आमच्या बाजूला, त्यामुळे बोलणं भाग होतं.

"लागले तर! काठ बांधून काढलाय, फिरायला वाट केलीय, बसायला बाकं आहेत. भावजय सांगत होती, संध्याकाळी सगळं रोहा-अष्टमी तिथेच असतं."

"बाकं आहेत, छान. आणि पाण्याचं काय?" तात्यांचा हा प्रश्न नेहमीचा. पेणच्या माणसाला रोह्याचं कौतुक सरळ गिळता येत नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. कुंडलिका उन्हाळ्यातही भरलेली दिसते, ती भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या मुळशीच्या पाण्याने. आणि खाली धाटावची कारखान्यांची वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव होतं. माहेरची बाजू घ्यायची म्हणून मी गप्प बसणार नव्हतेच. म्हटलं, "तुमच्या पेणला बसायला बाक तरी आहे का खाडीवर? आमच्याकडे 1674 मध्ये इंग्रजांचा वकील होडीतून उतरला होता!"

हे खरं आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झिंडन चौलहून खाडीने रोह्याच्या अष्टमी गावापर्यंत आला आणि तिथून रायगडाकडे गेला. रोह्याची मुलगी हे कुठेही ऐकवते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

"आणि आमचं अंतोरा?" काकू सूप घेऊन बाहेर आल्या होत्या, त्यांनी तोंड घातलं. काकूंचं माहेर भोगावतीच्या काठचं. "मीठ, भात, कौलं, सगळं अंतोऱ्याला लागायचं. धरमतरला आगबोटी यायच्या मुंबईहून. मोठ्या माणसांना रस्ता माहीतच नव्हता, भरतीचं वेळापत्रक माहीत होतं."

"मग गेलं कुठे ते सगळं?"

"गाळात," तात्या म्हणाले. "आणि रेल्वेत. 1986 ला आपट्यावरून रोह्यापर्यंत गाडी आली, तेव्हा बंदरं आधीच म्हातारी झाली होती. पण कागदावर बघाल तर आपण अजून दर्यावर्दी. 2016 चा कायदा झाला ना राष्ट्रीय जलमार्गांचा, त्यात आमची अंबा नदी जलमार्ग क्रमांक 10 आहे. तुमची कुंडलिका 85."

"बघा, इथेही पेण पुढे," काकू म्हणाल्या.

कागदाबाहेर बार्ज मात्र धरमतरच्या खाडीत येतात, कोळसा आणि खनिज उतरतं. कामं मिळाली, हेही खरं. पण बार्ज गेली की लाट काठावर आपटते, आणि काठ म्हणजे आमच्याकडे नुसता काठ नाही, बांध आहे. इथून पुढे तात्या बोलायला लागले की त्यांना थांबवू नये. त्यांचं मूळ गाव खारेपाटात, वढावकडे. नोकरी पेणला झाली, जीव बांधावर राहिला.

"तुम्ही शहरातल्या बायका बंदर म्हटलं की जेट्टी समजता," ते म्हणाले. (मी रोह्याची, म्हणजे शहरातली!) "आमच्याकडे पहिलं बांधकाम बांधाचं. खाडीतलाच चिखल काढून रचायचा, बाहेरून दगड लावायचा. मध्ये उघडी, म्हणजे पाण्याचं दार. भरतीचं पाणी दारावर दाबलं की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही. पहिले काही पावसाळे नुसती जमिनीतली खार धुवायची, मग भात."

"आणि दुरुस्ती?"

"एप्रिल-मे मध्ये गाव उतरायचा. चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची, खचलं तिथे चिखल टाकायचा. प्रत्येक घरातून माणूस. सबब चालत नव्हती. तुझं शेत बांधापासून लांब असलं तरी खांड पडली, बांध फुटला तर खारं पाणी तुझ्याही चुलीपर्यंत येणार, हे सगळ्यांना कळत होतं. मग 1948 ला खारजमिनींचा कायदा आला, 1979 ला नवा आला, बांध सरकारचा झाला. चांगलंच झालं, दगड आले, सिमेंट आलं. पण बांध सरकारचा झाला आणि बिळं कुणाचीच राहिली नाहीत."

काकू सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, "आमच्या भावाच्या शेतात उधाणाचं पाणी शिरलं. अर्ज दिला. साहेब म्हणाले, इस्टिमेट पाठवलंय. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा पाणी. पौर्णिमेला इस्टिमेट कळत नाही ना."

पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यात वरून पाऊस. एकदा खांड पडली की त्या वर्षीचं भात गेलं, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्यात तग धरणारी पनवेल 1, 2, 3 ही भाताची वाणं काढली आहेत. पण तग धरतात ती थोड्या खारात, रोज दोनदा भरती आत येऊ लागली तर कोणतं वाण टिकणार?

मी मुद्द्यावर आले, कारण भाजी गॅसवर होती. "मग शेत सोडून द्यायचं, जिताडा माशाची तळी करायची. जिताड्याला भाव आहे."

"करतात की लोक. पण ऐका, खरी गंमत पुढे आहे." तात्यांनी आवाज उतरवला. इथे गप्पा पिकतात. "खांड पडली, दोन-चार वर्षं कुणी बुजवली नाही, तर शेतात काय उगवतं?"

"कांदळवन."

"हां. आणि कांदळवन उगवलं की?"

उत्तर मला माहीत होतं, पण अशा वेळी तात्यांनाच बोलू द्यावं. जानेवारी 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत असं आहे: फेब्रुवारी 1991 च्या आधीचा बांध किंवा उघडी असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. म्हणजे आतलं शेत सीआरझेडच्या बाहेर. शेतकऱ्याला सोयीचं. पण त्याच वाक्याच्या शेपटीत आहे की बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन उगवलं, तर तेवढी जागा सीआरझेड-1अ, सगळ्यात कडक वर्गात. त्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनतोडीवर पक्की बंदी घातली. आता तिथे कोयता लावला तर गुन्हा. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, उभं पीक कांदळवनाचं, आणि खांड पडली तेव्हा झोपलेला माणूस मात्र कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

"म्हणून कांदळवन वाईट?" काकूंनी विचारलं.

"छे! बांधाच्या बाहेर असेल तर त्याच्यासारखा राखणदार नाही. लाट त्याच्यात मरते, बांधाला लागत नाही. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, सगळं त्याच्याच मुळांत वाढतं. बाहेर हवं, आत नको. एवढं साधं आहे."

माझंही मत तेच. कांदळवनाला शिव्या देणारे आणि बांधाला विसरणारे, दोघेही अर्धंच गाव बघतात. आणि काठाचे आराखडे करणारे तर फक्त पाण्याकडे तोंड करून उभे राहतात. कुठे प्रवासी जेट्टी, कुठे सेल्फीचा चौथरा. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या नेणारी बोट सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक खाडीकाठच्या गावाला वाटतं की आपलीही अशीच बोट येणार. येऊ दे. पण कोळ्याची होडी कुठे बांधायची, जाळं कुठे वाळत घालायचं, बर्फाची गाडी कुठून येणार, हे आराखड्यात शोधलं की सापडत नाही. दिव्याच्या खांबांची संख्या मात्र पक्की.

"आमच्या पेणलाही होईल बघा," तात्या म्हणाले, "खाडीवर कट्टा, आणि कट्ट्यावर गणपतीची मोठी मूर्ती."

"झाला तर मी येईन बसायला," काकू म्हणाल्या. "पण आधी भावाच्या शेताची उघडी बसवा म्हणावं."

भाजी लागलीच. ती काकूंच्या कढीपत्त्याच्या खात्यावर टाकते.

खाडीकाठच्या गावातल्या वाचकांना मात्र एक सांगणं आहे. 1 मे ची ग्रामसभा बांधाच्या दुरुस्तीच्या ऐन हंगामात येते. तिथे जेट्टी-सुशोभीकरणाचा ठराव आला तर हात जरूर वर करा, पण त्याच्या आधी तीन गोष्टी वाचून दाखवायला लावा आणि इतिवृत्तात लिहून घ्या: गावाच्या बांधाला खांड कुठे-कुठे आहे, कोणत्या उघड्यांची दारं निकामी आहेत, आणि पावसाळ्याआधी ती कोण, कोणत्या तारखेपर्यंत बसवणार. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर हरकती मागवल्या जातात, तेव्हाही आपला बांध त्या नकाशावर काढलेला आहे का, ते स्वतः जाऊन बघा. नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.