हरणाऱ्याचा सिनेमा

1983 साली अमेरिकेत शिकायला निघालो तेव्हा आईने बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि एक सल्ला भरून दिला: पैसे जपून वापर. मेतकूट आणि मसाला सेमिस्टरभर पुरला. सल्ला 'ड्रॅगन्स लेअर' नावाच्या व्हिडिओ गेमने पहिल्याच महिन्यात संपवला.

खोलीजवळच्या लाँड्रीत कपडे वाळवायला क्वार्टर लागायचे, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी. शेजारीच व्हिडिओ गेमचं पार्लर. तिथले बाकीचे खेळ एका क्वार्टरवर खूश असत. हा मात्र दोन गिळायचा. पन्नास सेंट म्हणजे तेव्हाचे पाच रुपये. पाच रुपयांत पुण्यात राइसप्लेट आली असती. इथे मी तेवढ्यात अर्धा मिनिट जगायचो.

पण काय तो अर्धा मिनिट! पॅकमॅनचा पिवळा पेढा आणि ठिपक्याठिपक्यांची विमानं यांच्या रांगेत अचानक अख्खा सिनेमा सुरू. डर्क नावाचा लुकडा, उंच शूरवीर, ड्रॅगनने कैद केलेली राजकन्या डॅफ्नी, आणि पावलापावलाला दगा देणारा किल्ला. सगळं हाताने काढलेलं. काढणारा डॉन ब्लुथ मूळचा डिस्नेतला. काही सहकाऱ्यांसह तो 1979 साली तिथून बाहेर पडला होता. ही सुमारे बावीस मिनिटांची चित्रं लेसर डिस्कवर घातलेली असत. पैशांची ओढाताण इतकी की पात्रांना आवाजही बहुतेक स्टुडिओतल्याच मंडळींनी दिले. डॅफ्नीचा तो लाडिक आवाज व्हेरा लॅन्फर यांचा. एरवी त्या चित्रांच्या रेषा साफसूफ करणाऱ्या विभागाच्या प्रमुख. आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकात पडदा ओढणाराच ऐन वेळी दूत होऊन उभा राहतो, त्यातलीच गत.

खेळ म्हणाल तर फारसा नव्हताच. दांडा चार दिशांपैकी एकीकडे ढकलायचा, नाहीतर तलवारीचं बटण दाबायचं. तेही नेमक्या क्षणी. मग यंत्र डिस्कवरचा पुढचा तुकडा शोधायला जाई आणि पडदा क्षणभर काळा होई. परीक्षेचा निकाल लावणाऱ्या शिपायानेही मला इतकं ताटकळवलं नव्हतं. उजेड आला की एक तर डर्क पुढच्या दालनात, नाहीतर त्याचा सांगाडा.

बहुतेक वेळा सांगाडाच. एका खोलीत टेबलावर बाटली आणि 'मला पी' अशी पाटी. शिकलेला माणूस मी, पाटी वाचत बसलो. तेवढ्यात डर्क गेला. दुसरीकडे सोन्याच्या हंड्याने त्याची तलवारच खेचून नेली, आणि मागे लागला एक पालराजा. इथेही मी हंडा बघत बसलो! बरं, आज उजवीकडे उडी मारून वाचलो म्हणून उद्या तेच करावं, तर तोच प्रसंग आरशातल्यासारखा उलटा. पण ब्लुथच्या माणसांनी मरणाची चित्रं काढताना कुठे हात आखडता घेतला नव्हता. पडणं, चिरडणं, जळणं, प्रत्येक वेळी डर्कच्या चेहऱ्यावर नवाच अचंबा.

बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा यायचा. सगळं पाठ. यंत्राच्या डोक्यावर बघ्यांसाठी आणखी एक टीव्ही बसवलेला होता, त्यावर आम्ही माना वर करून त्याचं कौतुक बघायचो. त्याचा डर्क मरतच नसे. मला त्या पोराची थोडी कीवच यायची. दोन क्वार्टर टाकून त्याला एकही मरण बघायला मिळालं नाही. मी जवळजवळ सगळी पाहिली.

सिनेमा सलग दाखवायला केलेलं यंत्र बिचारं सतत पुढेमागे धावून थकायचं, आणि पार्लरवाला त्यावर 'बंद' असा कागद चिकटवायचा. त्या दिवशी माझे कपडे वाळून घरी यायचे.

परवा मुलीने यूट्यूबवर तो अख्खा खेळ लावला. एकदाही न चुकता कुणीतरी खेळलेला. दहा-पंधरा मिनिटांत आटोपला.

"बाबा, एवढ्यासाठी ओल्या शर्टात लेक्चरला जायचास?"

"ह्यात मरणं नाहीत गं," मी म्हटलं.

मग तिने नुसत्या मरणांचा व्हिडिओ शोधून काढला. तो मात्र आम्ही दोनदा पाहिला. पाटीच्या खोलीत तीही वाचत बसली.

ड्रॅगनची गुहा मी पहिल्यांदा पाहिली ती तिच्या फोनवर. त्या पार्लरमध्ये मी तिथवर कधीच पोचलो नव्हतो.