तीन नंबरवाले काका

आमच्या सोसायटीत विजेवरच्या गाड्या आता सात झाल्या. त्यातल्या सहा गाड्यांतून लोक ऑफिसला जातात, भाजी आणतात, सासूला स्टेशनवर सोडतात. सातवीतून काका वीज गोळा करून आणतात.

काका बँकेतून निवृत्त झाले. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या धारेखाली त्यांच्याकडे बादली असते, त्या बादलीतून फरशी पुसली जाते आणि फरशीचं पाणी (फिनेलचा वार सोडून) कुंड्यांना जातं. आहेरावरचे रंगीत कागद इस्त्री होऊन गादीखाली जातात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहिली जाते. अशा माणसाला चाळीस वर्षं एकाच गोष्टीने छळलं होतं, ती म्हणजे ब्रेक. पैसे मोजून पेट्रोल जाळायचं, गाडीला वेग आणायचा आणि सिग्नल लाल झाला की तो वेग ब्रेकवर घासून त्याची ऊब हवेत सोडून द्यायची! चेतक होती तेव्हा कात्रजचा उतार काका स्कूटर बंद करून उतरायचे. मागे काकू रामरक्षा म्हणायच्या.

मग एका शोरूममध्ये एक पोरगा बोलून गेला, "सर, हिच्यात पाय काढला ना, की बॅटरी चार्ज होते." पुढचं काकांनी ऐकलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घासाघीस केली नाही.

पोरगा खोटं बोलला नव्हता. एरवी बॅटरी मोटर फिरवते आणि मोटर चाकं फिरवते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उलटा कारभार सुरू होतो. चाकं मोटर फिरवतात, मोटर डायनॅमो होते आणि वीज बॅटरीत परत जाते. सायकलच्या चाकाला डायनॅमो टेकवला की पेडल जड व्हायचं, तसंच इथे गाडी जड होते आणि मंदावते. याला रिजेन म्हणतात. ते किती कडक हवं हे ठरवायला काकांच्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल आहेत आणि शून्य ते तीन असे आकडे आहेत.

शून्यावर पाय काढला तरी गाडीला पत्ता लागत नाही, ती आपल्या तंद्रीत पुढे जात राहते. एकवर साधारण पेट्रोलच्या गाडीत तिसऱ्या गिअरला बसते तेवढी ओढ बसते. दोनबद्दल कुणीच काही बोलत नाही, मधल्या मुलासारखं. तीन मात्र वेगळंच प्रकरण आहे. पाय उचलला की मागून कुणीतरी सदऱ्याची कॉलर धरतं. पहिल्या दिवशी काका आम्हा चौघांना डेक्कनपर्यंत घेऊन गेले, तेव्हा आम्ही चौघेही नंदीबैलासारख्या माना हलवत गेलो. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, काका काहीतरी फार पटण्यासारखं बोलताहेत.

खरं तर तीनवर पाय उचलायचा नसतोच, सैल करायचा असतो. मांजाला ढील देतात तसा, इंचाइंचाने. हे एकदा जमलं की कर्वे रस्त्याच्या गर्दीत एकाच पेडलवर तासभर काढता येतो, ब्रेककडे पाय न्यावाच लागत नाही, घोटा दुखत नाही. मी चालवून पाहिली आहे आणि मला आवडली. पण काका तो पाय हळूहळू सोडत नाहीत. पडद्यावर हिरवी पट्टी असते, वीज आत यायला लागली की ती लांब होते आणि पाय एकदम उचलला की जास्तच लांब होते. काकांना लांब पट्टी आवडते.

काकूंना मळमळतं. चालवणाऱ्याला त्रास होत नाही, कारण कॉलर कधी धरली जाणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. मागे बसून मोबाईलवर भिशीचे हिशेब बघणाऱ्याला ते ठाऊक नसतं. काकूंच्या पर्समध्ये आता आलेपाक, आवळा सुपारी आणि एक रिकामी पिशवी कायम असते. "अहो, जरा एकवर घ्या ना," असं त्या दर सिग्नलला म्हणतात. काका पट्टीकडे बोट दाखवतात.

रिजेन कडक असलं की गाडी मागचे लाल दिवे आपणहून लावते, नाहीतर मागचा येऊन आदळायचा. एकदा नळस्टॉपला रिक्षावाल्याने शेजारी येऊन विचारलं, "काका, ब्रेकवर पाय ठेवून झोपता का?" काका दुखावले. "ब्रेकला मी हातसुद्धा लावलेला नाही," ते म्हणाले. रिक्षावाला जरा घाबरूनच पुढे गेला.

काकांनी मला हे सगळं समजावलं ते फोडणीच्या भाताने. "कालचा उरलेला भात टाकून देणं म्हणजे ब्रेक. त्याला फोडणी देणं म्हणजे रिजेन." दाखला उत्तम आहे, मी तो पुढे अनेकांना सांगितला. पण त्यातच काकांची पंचाईत दडलेली आहे. कालचा भात सगळाच्या सगळा हाती येत नाही, थोडा पातेल्याला चिकटतो. मोटरमधून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा मोटरमध्ये जाताना विजेलाही गळती लागते. म्हणून सगळ्यात स्वस्त पडतो तो न गमावलेला वेग. सिग्नल लांबून दिसला की दाबायचं थांबवावं, गाडी तरंगत जाऊ द्यावी, शेवटी लागलं तर रिजेन घ्यावं. उद्या फोडणीचा भात मिळावा म्हणून आज कुणी मुद्दाम चार वाट्या जास्त लावत नाही.

काका लावतात. लाल सिग्नल दिसला की ते आधी गाडी पळवतात, म्हणजे मग पाय उचलल्यावर पट्टी चांगली लांब होते. सेलमध्ये सहा सदरे घेऊन तीन हजार वाचवणाऱ्या माणसाला जे समाधान मिळतं, ते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असतं. मी एकदा म्हटलं, मुंबईची नवी लोकलही थांबताना वीज वरच्या तारेत सोडते आणि ती दुसऱ्या लोकलच्या कामी येते. काका विचारात पडले. "दुसऱ्याच्या?" एवढंच म्हणाले.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं आणि काका-काकू असे त्यांच्या गाडीने पाचगणीला गेलो. वाईहून पसरणीचा घाट चढताना बॅटरीचे आकडे भराभर उतरतात. एरवी अशा वेळी काकांचा घसा कोरडा पडला असता, पण त्यांचं उत्तर तयार होतं. "ही उंची म्हणजे मुदत ठेव आहे. परवा उतरताना मोडायची." हिशेबही होता. माणसांसकट पावणेदोन टन गाडी, साडेपाचशे मीटरची चढण, म्हणजे अडीच युनिटं गुंतवली. वारा, टायर आणि मोटरची दलाली वजा जाता दीड युनिट हाती यावं. मी म्हटलं, "म्हणजे घरच्या मीटरने पंधरा-वीस रुपये." वरच्या वळणापर्यंत काका माझ्याशी बोलले नाहीत.

हॉटेलच्या पोर्चमध्ये जाड प्लगची खोबण होती. मॅनेजर म्हणाला, "लावा की साहेब, त्यात काय!" त्याला कल्पना नव्हती तो कुणाशी बोलतोय. काकांनी दोन्ही रात्री गाडी लावून ठेवली. दुसऱ्या रात्री दोनदा उठून पाहून आले. सकाळी पडद्यावर शंभर टक्के होते. स्ट्रॉबेरीच्या पेट्या डिकीत गेल्या, काकूंनी आलेपाक तोंडात टाकला आणि घाटाच्या पहिल्या वळणावर काकांनी तीनवर पाय उचलला.

कॉलर कुणीच धरली नाही. गाडी तशीच पुढे गेली, उलट उताराने वेग धरायला लागली. पडद्यावर सूचना आली की रिजेन सध्या मिळणार नाही. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत वीज घालणार कुठे? फुकटच्या चार्जिंगने फुकटचा घाट खाल्ला होता. काकांनी पॅडल ओढून पाहिलं, आकडा शून्यावर नेऊन परत तीनवर आणला. वळण जवळ आलं तेव्हा मी "काका!" असं ओरडलो आणि त्यांनी ब्रेक दाबला. पाय त्या पेडलवर असा गेला, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

पुढचं मी कधी विसरणार नाही. काकांनी डिसेंबरात एसी सोळावर केला. पंखा चारवर. भर उन्हात हेडलाइट लावले, वायपर सुरू केले, मागच्या काचेचा हीटर लावला. "थोडी खर्च तर करायला हवी, जागा होईल," असं ते पुटपुटत होते. बायकोने शाल काढली. चाळीस वर्षं मागे लागून खोलीतले दिवे बंद करणारा माणूस वीज कुठे उधळू म्हणून बटणं शोधत होता. शेवटच्या दोन वळणांवर कॉलरला जराशी ओढ जाणवली, तेवढीच.

वाईला कृष्णेच्या काठी गाडी थांबली. काका उतरले आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. मीही वाकलो. जाळल्यासारखा वास येत होता. त्यांनी चाकाजवळ तळवे धरले, शेकोटीला धरतात तसे, आणि बराच वेळ हिशेब करत बसले.

"आंघोळीच्या दोन-तीन बादल्या तापल्या असत्या रे," ते म्हणाले.

मागचं दार उघडलं. काकू डोळे चोळत उतरल्या. त्या घाटभर गाढ झोपल्या होत्या. "आलं पण वाई?" त्या म्हणाल्या. "आज किती छान चालवलीत हो. कितीवर होती?"