चिलखत मोडीत

१८६८ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने अ‍ॅबिसिनियातला मॅग्डाला किल्ला घेतला. विजय ताजा होता तोवर सरकारने नावं वापरून घेतली. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० मध्ये विलायतेत दोन चिलखती युद्धनौका पाण्यात उतरल्या, 'मॅग्डाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया'. बारसं झोकात झालं, पण दुसरीच्या वेळी हात आखडला आणि ती जरा लहान, जरा स्वस्तात बांधली.

दोघींवर चार-चार तोफा, फिरते बुरूज, जाडजूड लोखंडी पत्रे. डेक मात्र पाण्यापासून इतका खाली, की भर समुद्रात लढायची सोय नाही. लढायचं तर बंदरातच. म्हणजे शत्रूनेच मेहेरबानी करून भाऊच्या धक्क्यापर्यंत यायचं.

शत्रू काही आला नाही. रशियन येणार, रशियन येणार, करत तीस वर्षं गेली. मध्यंतरी १८९२ मध्ये जुन्या तोफा काढून नव्या बसवल्या. त्याही तशाच मुक्या राहिल्या. चोर आला नाही याचं श्रेय आमच्या सोसायटीचा वॉचमनही घेतो, पण त्याला निदान शिट्टी तरी वाजवावी लागते.

१९०३ मध्ये 'अ‍ॅबिसिनिया' भंगारात गेली, १९०४ मध्ये 'मॅग्डाला'. त्याच वर्षी लंडनमध्ये अ‍ॅडमिरल फिशर आरमाराच्या प्रमुखपदी बसले आणि त्यांनी दीडशेवर जहाजं एका फटक्यात सेवेतून काढली. लढायला दुबळी, पळायला मंद, असा त्यांचा शेरा. (हा शेरा आपल्याकडे किती महामंडळांना चालेल, ते मोजू नये.)

या दोघींची थोरली बहीण 'सर्बेरस' मेलबर्नच्या पहाऱ्यावर होती. १९२४ मध्ये ती ४०९ पौंडांना विकली गेली, आणि आतलं कामाचं तेवढं काढून घेऊन १९२६ मध्ये सांगाडा किनाऱ्याजवळ बुडवला, लाटा अडवायला. अख्ख्या खानदानात कुणाला खरोखर अडवलं असेल, तर ते हिनेच.

लढलेल्या जहाजाचे हाल वेगळे असतील म्हणावं, तर १९७१ गाजवणारी आपली 'विक्रांत' आहे. स्मारकाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि तोडली गेली ती मुंबईच्या दारूखान्यात. पत्ता तेवढा युद्धनौकेला शोभेसा. २०१६ मध्ये तिचा धातू वापरलेली मोटारसायकल बाजारात आली. तुमच्या पार्किंगमध्ये त्यातली एखादी धूळ खात उभी असेल, तर भंगारवाल्याला निदान तिचा हुद्दा सांगा.