सुट्टीस पात्र नाही

फेलोशिपच्या नियमांत एक कलम आहे, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येईल. संशोधकाला वर्षाला 30 दिवस रजा मिळेल. उन्हाळी, हिवाळी किंवा पूजेच्या सुट्टीस तो पात्र असणार नाही. त्यामुळे डिसेंबरात मेस अर्धी बंद होते, पदवीची पोरं बॅगा खडखडवत निघून जातात आणि आम्ही पीएचडीवाले रजेचा अर्ज भरत बसतो. कारणाच्या रकान्यात मी दरवर्षी 'घरगुती काम' लिहिते. गाईड सरांनी सही करता करता विचारलं, "आठ दिवस?" आठ वर्षं म्हटलं असतं तर ते एवढे दचकले नसते, तेवढी त्यांनी माझ्यासाठी आधीच धरून ठेवलेली आहेत.

बंगळुरूहून रात्रीच्या गाडीने मिरजेला उतरले, बाबांच्या स्कूटरवर मागे बसून सांगलीला आले. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या काकू भेटल्या. "आलीस? परत सुट्टी का गं?" सरकारदरबारी मला सुट्टी नाही, आणि गल्लीच्या हिशेबाने मी पाच वर्षं सुट्टीवरच आहे. दोघांचंही म्हणणं एकच निघतं: हिला वेगळी सुट्टी कशाला?

'घरगुती काम' हे कारण मी खोटं लिहिलं होतं. ते घरच्यांनी पहिल्याच सकाळी खरं करून दाखवलं. गिझरवाल्याला बोलवायचं होतं, गॅसची केवायसी राहिली होती, बाबांच्या मोबाइलमधले सुप्रभातचे चार हजार फोटो काढायचे होते. आणि आजीचा नोव्हेंबरात राहून गेलेला हयातीचा दाखला. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून काढतात. मी आजीला खिडकीजवळ बसवलं. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. आजी म्हणाली, "या वयात? कोणाला?" शेवटी मिचकवले, तर चेहरा जुळत नाही असं उत्तर आलं. आजी समोर बसून बशीत चहा ओतून पीत होती आणि मोबाइल तिची हयाती नाकारत होता. सहाव्या प्रयत्नाला ती एकदाची जिवंत ठरली. सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांच्या संशोधनात माझ्या वाट्याला न आलेलं यश ते हेच.

माझा विषय हळद. लॅबमध्ये तिचं नाव कर्क्युमिन होतं, ती लहानशा बाटलीत येते आणि तिला फ्रीजमध्ये, अंधारात ठेवावं लागतं. पण मी हळदीवर संशोधन करते हे सांगलीत सांगणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्श्यावर व्याख्यान देणं. इथे हळदीचे सौदे निघतात. इथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या हरिपूरला लोकांनी जमिनीत पेवं खणून पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली. 2005च्या पुराने त्यातली बरीच खाल्ली. आत्या हरिपूरचीच. पेवात उतरणाऱ्या गड्यांच्या गोष्टी ऐकून मोठी झालेल्या या बाईला फ्रीजमधल्या बाटलीचं कौतुक कसं वाटावं?

"मग काय सापडलं?" आजीने विचारलं. मी सांगितलं, की हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, उजेडात टिकत नाही, पोटात गेलं तरी रक्तात फारसं उतरत नाही. सोबत मिरीतलं पिपरिन दिलं तर मात्र बरंच उतरतं, असं 1998 सालीच छापून आलंय. "म्हणून तर दुधात मिरी घालतो आपण," आजी म्हणाली, "त्याला छापायचं काय?" मग मी जरा जपून माझ्या दुसऱ्या प्रकरणाकडे वळले. अल्कली लागली की कर्क्युमिनचा रंग पालटतो आणि ते फुटतं, या एका भानगडीत माझी दोन वर्षं गेलेली. आजी काही बोलली नाही. तिने पानाच्या डब्यातून बोटाच्या टोकावर चुना घेतला, तळहातावर हळदीची चिमूट ठेवली, दोन थेंब पाणी टाकून घोळवलं. हात लालभडक झाला. "कुंकू असंच करायचो की आम्ही," ती म्हणाली, आणि डबा बंद केला. माझं दुसरं प्रकरण आजीच्या तळहातावर वाळत होतं.

हळद हा शब्द काढला की कोणते ना कोणते काका माशेलकरांपर्यंत पोचतातच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत कुणीतरी घेतलं, माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन 1997 साली रद्द करवलं, हे सगळं खरं आहे आणि मला पाठ आहे. "माशेलकरांनी हळद अमेरिकेकडून परत आणली," काका म्हणाले, "तू काय आणलंस?" मी म्हैसूरपाक आणला होता. त्यांच्या हातात त्याचीच वडी होती.

याच काकांना 2023 सालचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन फार आवडतं. पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असा सवाल त्या वेळी विधान परिषदेत सत्ताधारी बाकावरून आला होता. राज्यभर गदारोळ झाला. आमच्या घरात त्याची म्हण झाली. संध्याकाळी वीज गेली की काका अंधारातून हाक मारतात, "अगं, आता तरी लाव!" (डिसेंबरात अख्खं सरकार थंडीत नागपूरला जातं, संत्री खातं आणि परत येतं, त्याला मात्र कुणी सुट्टी म्हणत नाही.)

तिसऱ्या दिवशी आत्या बायोडाटा घेऊन बसली. नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही यावर तिची नि आईची तासभर चर्चा झाली. आमच्या भागात ही अडचण मोठी आहे. वॉनलेस साहेबांनी 1894 साली शेजारी मिरजेत हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून डॉक्टर म्हणजे काय याबद्दल इथे कुणाच्याही मनात शंका उरलेली नाही. मागच्या स्थळाच्या आईने नीट समजून घेतलं होतं. "म्हणजे पेशंट नाही तपासत? औषध नाही देत? मग डॉक्टर कशाबद्दल?" शेवटी 'डॉ. (चालू)' असं ठरलं. कंसातला शब्द मला लागला, पण खोटा म्हणता येईना.

"पण संपतं कधी हे?" आत्याने मुद्द्याला हात घातला. मी बावळटासारखी 2022चा नियमच सांगून बसले: सहा वर्षं, फेरनोंदणी केली तर आणखी दोन, आणि बायकांना सवलत म्हणून वर अजून दोन. आत्याने बोटं मोजली. दहा झाली. तिने कप खाली ठेवला. "सवलत? पोरींची लग्नं होऊ नयेत म्हणून सरकारनेच काढलेलं दिसतंय हे."

मित्रमंडळी कृष्णेच्या घाटावर जमली, भडंगाची पुडी मधे. एकजण पुण्यात आयटीत. फ्लॅटच्या हप्त्यांबद्दल तो देवाबद्दल बोलावं तसं हळू बोलतो. एकीची तासगावकडे द्राक्षबाग. ती सारखी आभाळाकडे बघत होती, कारण या दिवसांत पाऊस झाला तर वर्ष गेलं; आमच्यात खरी प्रयोगशाळा तिचीच. चहाचे पैसे द्यायची वेळ आली आणि मी पर्स उघडली, तसा चौघांनी एका सुरात हात धरला, "हिचं राहू दे रे, ही अजून शिकतेय." दहावीपासून हे वाक्य माझ्यासोबत फिरतंय. फेलोशिप 42 हजार आहे हे सांगावंसं वाटलं. पण मग ती चार महिने जमा झालेली नाही हेही सांगावं लागलं असतं. मी पर्स मिटली आणि दुसरा चहा मागवला.

आठव्या दिवशी आजीने दोन किलो हळद डब्यात भरून दिली. "तुझ्या सरांना सांग, फ्रीजमध्ये ठेवू नका." स्टेशनवर बाबा मला खिडकीशी बसवून समोरच्या गृहस्थांना म्हणाले, "जरा लक्ष असू द्या, मुलगी डॉक्टर आहे." गाडी हलली. बाबा फलाटावरून हात हलवत मागे गेले. गृहस्थांनी बेळगावपर्यंत संयम पाळला. मग पिशवीतून रिपोर्टची फाईल काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. "इथे सुजतं बघा. रात्री फार." मोबाइलवर सरांचा निरोप येऊन पडला होता: सुट्टी छान झाली असेल. आकृती तीन नव्याने काढणे.

मी फाईल उघडून दोन पानं चाळली. तपासणारे डॉक्टर मिरजेचेच होते. "यांच्याकडेच परत जा," मी म्हटलं. गृहस्थांचा चेहरा पडला.

"आणि रात्री हळद-दूध घ्या," मी घाईने म्हणाले, "चिमूटभर मिरी घालून." त्यांनी खिशातलं पेन काढून तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.