नजर खंय आसा?

जून-जुलै हे मासेमारी बंदीचे महिने, म्हणजे मालवणात कॅरमचे दिवस. होड्या किनाऱ्यावर झापांखाली, जाळी पडवीत आणि ओटीवर टांगलेल्या बल्बखाली बोर्ड. हा बल्ब नुसता उजेडासाठी नसतो. पावसाळी दमट हवेत बोर्ड जड होतो, बोरिक पावडरीच्या गुठळ्या होतात, स्ट्रायकर वाटेतच रेंगाळतो. बल्बची ऊब मिळाली की बोर्ड पुन्हा पळू लागतो. खेळणारे चौघे, बाकी सगळे सल्लागार.

सल्ला मात्र एकच: ‘बघून मार!’ कुठे बघून, हे विचारलं की फाटे फुटतात. एकाच्या मते सोंगटीकडे, दुसऱ्याच्या मते भोकाकडे. तात्यांचं मत ठाम: “भोकाक कित्याक बघतंस? भोक खंय पळान जातला?”

पूल आणि स्नूकर खेळणाऱ्यांतही हाच वाद आहे. बहुतेक प्रशिक्षक सांगतात, नजर दोन्ही चेंडूंवर फिरू द्या, पण फटका सुटताना ती समोरच्या चेंडूवर हवी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिलियर्ड्स खेळणाऱ्यांची नजर मोजली होती. मुरलेल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी एका जागी जास्त वेळ ठरते, असं दिसलं. १९२७ ते १९४६ या काळात १५ वेळा स्नूकरचा जगज्जेता ठरलेल्या जो डेव्हिसचा उजवा डोळा अधू होता. क्यू डाव्या डोळ्याखाली धरून त्याने भल्याभल्यांना पाणी पाजलं. आमच्याकडे दोन्ही डोळे धड, पण दोन्ही राणीवर.

खरी गोम अशी, की जिथे बघायचं तिथे काही नसतंच. भोकातून सोंगटीच्या मध्यावरून एक रेघ मनातल्या मनात मागे ओढायची. त्या रेघेवर, सोंगटीच्या मध्यापासून साधारण साडेतीन सेंटिमीटर मागे, टक्कर होताना स्ट्रायकरचा मध्य यायला हवा. पूलवाले तिथे भुताचा चेंडू कल्पितात. कोकणात भुतांना तोटा नाही, पण हे एक भूत काही केल्या दिसत नाही. त्यात स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा. पूलमध्ये चेंडू सारखे, म्हणून एकाचा मध्य दुसऱ्याच्या कडेवर धरला की समोरचा चेंडू ३० अंशांनी वळतो. कॅरमवर तेच केलं तर सोंगटी पंचविसेक अंशच वळते. शहरात पूल शिकून आलेले जावई इथे पहिल्याच बोर्डाला हरतात ते यामुळे. (जावई असल्यामुळे त्यांना कुणी हसत नाही, निदान तोंडावर.)

खडकाळ बंदरात होडी आणणारा तांडेल यातलं मर्म जाणतो. पाण्याखालचा खडक दिसत नाही, म्हणून तो किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत येण्याची वाट बघतो. तोच तांडेल बोर्डावर बसला की मात्र राणी दिसताच सगळं विसरतो आणि स्ट्रायकर थेट भोकात घालून स्वतःची एक सोंगटी परत काढून ठेवतो.

तात्यांची पाळी आली. मांडी सावरली, एक डोळा मिटला, पावडर फुंकली आणि कडेला चिकटलेली काळी सोंगटी सुळकन आत गेली. सगळे गप्प. एका पोराने आदराने विचारलं, “तात्यानू, मारताना नजर खंय होती?”

“समोरच्याच्या कोपरार,” तात्या म्हणाले. “मेलो मघापासून सोंगटी सरकयता.”